ड्रायव्हरच्या खिशात काय असावे?



आमच्या भागातल्या ट्रक ड्रायव्हरांसाठी आम्ही पेट्या तयार करत आहोत, हे मागच्या अंकात वाचून आपल्यापैकी काही जणांनी विचारले, "या पेटीत असते तरी काय? आणि ड्रायव्हरला वेगळी पेटी कशाला? गाडीत सगळे असतेच ना!" प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मलाही हाच प्रश्न पडला असता. त्याचे उत्तर मला एका घटनेने दिले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नवापूर-विसरवाडीच्या बाजूला भिल्ल, मावची आणि कोकणी कुटुंबांतली पुष्कळ मुले ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातात. काही जण क्लीनर म्हणून ट्रकवर चढतात आणि चार-पाच वर्षांत ड्रायव्हर होतात. सुरतकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ दारावरूनच जातो. पुढे तो धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करत ओडिशात पारादीपला समुद्राला भिडतो. त्यामुळे ज्या मुलाने कधी मुंबई पाहिली नाही, तो ओडिशा आणि छत्तीसगड मात्र पाहून आलेला असतो.

असाच एका पाड्यावरचा आमचा एक दादा. वय बेचाळीस, मधुमेहाची गोळी चालू. परराज्यातल्या एका कारखान्याबाहेर गाडी भरण्यासाठी रांगेत उभी होती. सकाळी त्याने गोळी घेतली. रांग आता हलेल, मग हलेल, असे करत जेवण राहिले. दुपारी चारच्या सुमारास तो चहा घ्यायला खाली उतरला, पाचशे पावलांवर टपरीजवळ चक्कर येऊन पडला आणि डोके दगडावर आपटले. लोकांनी त्याला सरकारी दवाखान्यात पोहोचवले. लायसन्स केबिनमध्ये होते, डायरीही केबिनमध्येच. खिशातल्या फोनला कुलूप होते, आणि रात्रीपर्यंत तोही बंद पडला. दवाखान्याच्या नोंदवहीत नाव लागले, 'अनोळखी पुरुष'.

इकडे मालकाला वाटले, ड्रायव्हर गाडी सोडून पळाला. त्याने घरी फोन करून वहिनींना बोल लावले. सहाव्या दिवशी शुद्ध आल्यावर त्या दादाने स्वतः आपल्या गावाचे नाव सांगितले, तेव्हा पत्ता लागला. ते सहा दिवस वहिनींनी कसे काढले, हे मी जवळून पाहिले आहे. नवरा मेला की पळाला, हेच कळत नव्हते. शेजारणी दोन्ही बाजूंनी बोलत होत्या.

त्या दादाजवळ सामान नव्हते असे नाही. गोळ्या होत्या, गूळ होता, कागद होते, भावाचा नंबर लिहिलेली डायरीही होती. पण सगळे पाचशे पावलांवर होते.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. रस्त्यावर किती सामान नेले याला फार अर्थ नाही. संकट येते त्या क्षणी ते हाताला लागते का, हे महत्त्वाचे. म्हणून आमच्या पेटीची यादी आम्ही वस्तूंप्रमाणे केली नाही, तर जागेप्रमाणे केली: खिशात काय, सीटजवळ काय आणि गाडीतून उतरल्यावर काय. पंचवीस वर्षे ट्रक चालवून आता घरी बसलेल्या एका काकांनी ती करायला आम्हाला मदत केली.

खिशात

पहिली वस्तू म्हणजे चिठ्ठी. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. त्यावर नाव, गाव, तालुका, जिल्हा, रक्तगट, घरचे दोन नंबर आणि मालकाचा एक. कोणता आजार आहे, कोणती गोळी चालू आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. हे सगळे मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत. ओडिशातल्या नर्सला मराठी वाचता येईलच असे नाही, पण इंग्रजीतला रक्तगट आणि आकडे तिला कळतात. नंबर दोन अशासाठी की पाड्यावर एकाला रेंज असते तेव्हा दुसऱ्याला नसते. फोनचे कुलूप न उघडता तातडीचा नंबर आणि आजाराची माहिती दिसेल, अशी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. तीही आम्ही भरून देतो. पण फोन फुटतो, चोरीला जातो, बंद पडतो. कागद बंद पडत नाही.

दुसरी वस्तू गोड. चिक्कीचे दोन तुकडे, नाहीतर गूळ-शेंगदाण्याची पुडी. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, दारू प्यायला आहे. अशा वेळी लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून, नाहीतर गुळाचा खडा द्यावा आणि मागोमाग जेवण द्यावे. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, श्वासनलिकेत जाते. "मधुमेह आहे म्हणून गोड जवळ ठेवायचं नाही" ही समजूत घराघरांत आहे. रस्त्यावर ती जिवावर बेतते.

तिसरे, एक दिवसाची औषधे आणि थोडे सुटे पैसे. बस्स. खिसा एवढ्यानेच भरतो.

सीटजवळ

इथे पहिला मान पाण्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. चांगलीच गोष्ट आहे. पण आमची मुले चालवतात ते बहुतेक ट्रक त्याआधीचे. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातून जाताना वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांना मिळून दिवसाला दहा लिटर तरी पिण्याचे पाणी हवे. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे.

पाण्याबाबत काकांचा एक कडक नियम आहे. पिण्याच्या पाण्याचा कॅन एका रंगाचा, रेडिएटरच्या पाण्याचा दुसऱ्या रंगाचा. आणि कूलंट, डिझेल किंवा बॅटरीचे ॲसिड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरायचे नाही. कूलंट चवीला गोडसर असते आणि ते विष आहे. अंधारात, अर्धवट झोपेत हात चुकीच्या बाटलीवर पडायला वेळ लागत नाही.

ओआरएसची पाकिटे आम्ही देतो, पण ती कशी वापरायची हेही सांगावे लागते. पाकिटावर जितके पाणी लिहिले आहे, तितकेच मोजून घ्यायचे. एक लिटरचे पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पिणे चूक आहे, त्याने त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. आमच्या बायका त्यात धडगावकडच्या आमचुराची चिमूट टाकतात. त्याने चव येते, आणि चव असेल तर माणूस पितो.

खाण्याचे काय? धाबा आहेच, पण रांगेत किंवा घाटात अडकल्यावर धाबा नसतो. ज्वारीची भाकरी कोरडी करून दोन दिवस टिकते, दशमीही तशीच. सोबत शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, फुटाणे आणि गूळ. ओलसर भाजी उन्हात संध्याकाळपर्यंत आंबते, ती देऊ नये. बरेच जण छोटा गॅस सिलिंडर आणि शेगडी ठेवतात. आमची विनंती एवढीच की बंद केबिनमध्ये शेगडी कधी पेटवू नका, थंडीत ऊब घेण्यासाठी तर मुळीच नाही. बंद जागेत विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. टँकरजवळही स्वयंपाक नको.

औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीची घ्यावीत. परतीचा माल मिळेपर्यंत गाडी कुठेही थांबते. गोळ्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नयेत, डबीत घालून सीटखाली ठेवाव्यात. इन्शुलिन तापलेल्या केबिनमध्ये निकामी होते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गार पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवता येते. बर्फाला थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्शुलिनही कामाचे राहत नाही.

प्रथमोपचाराच्या डब्यात निर्जंतुक गॉज, पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, हातमोजे, कात्री आणि पॅरासिटामॉल असते. त्याबरोबर तीन वाक्ये आम्ही डब्याच्या झाकणावर चिकटवली आहेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा, मध्येमध्ये उचलून पाहू नका. रेडिएटरच्या वाफेने भाजले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घाला, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हातपाय न हलवता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्या. हे तिसरे वाक्य उगाच नाही. उन्हाळ्यात पुष्कळ जण गाडीखाली सावलीत झोपतात. तिथे साप-विंचवाचे भय असते, आणि गाडी सुरू करणाऱ्याला खाली माणूस आहे हे दिसत नाही हे त्याहून मोठे भय.

याशिवाय टॉर्च, पातळ मच्छरदाणी, एक घोंगडी आणि चष्मा. चष्म्याचे नाव यादीत पाहून मुले हसतात. पण चाळिशीनंतर नजर उतरते, आणि बोर्डावरचे अक्षर दिसत नाही हे कोणी ड्रायव्हर आपणहून कबूल करत नाही. काम जाईल ही भीती असते.

गाडीतून उतरल्यावर

आमच्याकडे कोंडाईबारीचा घाट आहे. रात्री त्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की ड्रायव्हर काय करतो? चाकामागे मोठे दगड लावतो आणि मागे रस्त्यावर झाडाची फांदी टाकतो. दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात. तासाभराने मोटरसायकलवरून घरी जाणारा आपल्याच पाड्यावरचा कोणी पोरगा त्या दगडावर आदळतो. दगड लावणारा वाईट नसतो, त्याच्याजवळ दुसरे काही नसते एवढेच.

म्हणून दाराच्या आतल्या बाजूला, उतरताना हाताला लागेल अशा जागी तीन वस्तू हव्यात. पहिली, प्रकाशात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट, ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांसाठी. दुसरी, दोरी बांधलेले दोन लाकडी ठोकळे. दोरी अशासाठी की दोरी दाराला अडकवलेली असली, तर निघताना ठोकळा विसरत नाही. तिसरी, लाल चमकणारे त्रिकोण.

त्रिकोण कुठे ठेवायचा हे समजून घ्यायला थोडे गणित हवे. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. मागून येणाऱ्याला दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि भरलेली गाडी थांबणे, यात कोरड्या रस्त्यावरही पन्नास मीटर सहज जातात. ओल्या रस्त्यावर जास्त, उतारावर त्याहून जास्त. म्हणून त्रिकोण गाडीला टेकवून ठेवणे म्हणजे न ठेवणेच. साध्या रस्त्यावर निदान सत्तर पावले, महामार्गावर दीडशे पावले मागे जावे. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळण्याआधीच दिसेल असा ठेवावा. चालत जाताना त्रिकोण हातात, छातीपुढे धरावा.

बाकी जॅक, टॉमी, पाने, स्टेपनी, जादा फॅन बेल्ट, फ्यूज, हेडलाइट-टेललाइटचे बल्ब, वायर आणि इन्सुलेशन टेप हे सामान मालकाने द्यायचे असते आणि बहुतेक मालक देतात. आग विझवण्याचे सिलिंडर असतेच, पण त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर फेरीला पाहावे. इंजिन तापले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आमच्या भागात हातावर भाजल्याचे डाग असलेले जे क्लीनर दिसतात, त्यांतले बरेच या एका घाईने भाजलेले आहेत.

कागद

लायसन्स, आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि मालाची बिल्टी व ई-वे बिल. हे सगळे पाणी न शिरणाऱ्या एका फाइलमध्ये. गाडीची कागदपत्रे आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर असतील तर तीही कायद्याने ग्राह्य धरली जातात. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स पाच वर्षांनी नवे करावे लागते. वाचता न येणारा ड्रायव्हर ती तारीख विसरतो, म्हणून आम्ही ती चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहितो. अपघात झाला आणि लायसन्सची मुदत संपलेली निघाली, तर विम्याच्या भरपाईचा प्रश्न उभा राहतो आणि घरच्यांचे हाल होतात.

जी गोष्ट पेटीत मावत नाही

एक गोष्ट आम्ही देऊ शकत नाही, ती म्हणजे झोप. मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता आणि २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी काही सवलत होती, पण तीही दिवसाला दहा तासांच्या पुढे जात नव्हती. रस्त्यावर हे किती पाळले गेले, ते आपण सगळे जाणतो. मग तंबाखू, गुटखा आणि कोणीतरी दिलेल्या गोळ्या पेटीत जागा घेतात. काका मुलांना म्हणतात, "बाबा, चहा पिऊन डोळा उघडतो, मेंदू उघडत नाही. जांभई आली की गाडी बाजूला घे आणि वीस मिनिटं पड. वीस मिनिटांनी मालकाचं काही बुडत नाही." झोपताना गाडी महामार्गाच्या कडेला नव्हे, तर पंपाच्या किंवा धाब्याच्या आवारात लावावी, हे ते आवर्जून सांगतात.

दुसऱ्यासाठीही

झाकणावर तीन नंबर आहेत: कुठल्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३. हे नंबर ड्रायव्हरच्या स्वतःसाठी आहेत तसे दुसऱ्यांसाठीही आहेत. अपघातस्थळी अनेकदा पहिला पोहोचतो तो ट्रकवालाच. पण पोलिसांचे झंझट नको म्हणून तो थांबत नाही. मोटर वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ घालण्यात आले. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू झाली आहे.

अशा मदतनीसाला कायद्याने 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. आपल्याला तो चांगला शोमरोनी लहानपणापासून ठाऊक आहे. आपण त्याच्या दयेबद्दल पुष्कळ ऐकतो. पण मला अलीकडे दुसरीच गोष्ट जाणवते. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, वाहन होते आणि उतारशाळेवाल्याला द्यायला दोन नाणीही होती. तो प्रवासाला तयारीने निघाला होता, म्हणून त्याच्या दयेचा उपयोग झाला.

आपण काय करू शकता

या सगळ्या पेटीचा खर्च ट्रकच्या एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आहे. आपल्या मदतीतून ती तयार होते, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. पण आज मी पैशासाठी लिहीत नाही. आपल्या घरात, शेजारात किंवा मंडळीत कोणी ट्रक, टेम्पो किंवा टॅक्सी चालवत असेल, तर आज संध्याकाळीच एक चिठ्ठी लिहा. नाव, गाव, रक्तगट, आजार, दोन नंबर. ती त्याच्या खिशात घाला, गाडीत नको. सोबत चिक्कीचा एक तुकडा.

तो दादा आता बरा आहे. चार महिने घरी होता, मग डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर जवळच्या फेऱ्यांची गाडी त्याने धरली. मालकही घरी येऊन वहिनींची माफी मागून गेला. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या अंगणात बसले होते. दादा निघायला उभा राहिला, तशा वहिनी आतून आल्या. काही न बोलता त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशावर हात ठेवून आत कागद आहे का ते चाचपले. तो हसला आणि म्हणाला, "आहे गं, आहे." मग तो गेला.